शनी मीनेत, भांडण घरात

२९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला आणि माझ्या फोनला साडेसाती लागली.

मी पोटापाण्यासाठी हिशेबनीस. ज्योतिष मामाकडून शिकले, लग्नाआधी, त्याच्या पिवळ्या पडलेल्या पंचांगांवरून. पैसे घेत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात आणि वेळकाळ न बघता बोलतात. नोकरी-धंद्याचे प्रश्न असतातच, पण जास्त करून चौकशी माणसांची असते. ह्यांचं हल्ली असं का चाललंय? सून माझ्याशी दोन शब्द नीट का बोलत नाही? आम्ही दोघांनी वेगळं व्हावं का? सुरुवात मात्र कायम शनीपासून.

आता हिशेबाची खोड मला गप्प बसू देत नाही. शनी आपल्या जन्मराशीच्या आधीच्या राशीत आला की साडेसाती सुरू होते, पुढची रास सोडली की संपते. म्हणजे कधीही बघा, बारापैकी तीन राशींना साडेसाती असणारच. सध्या कुंभेची शेवटची अडीच वर्षं, मीनेची मधली, मेषेची पहिली. त्यात आपल्या राशीपासून मोजत चौथ्या राशीतला, म्हणजे चौथा शनी धनु राशीला आणि आठवा सिंहेला, तेही त्रासाचेच मानतात. झाल्या पाच राशी. बारात पाच म्हणजे शंभरातली एकेचाळीस-बेचाळीस माणसं केव्हाही शनीच्या तावडीत. आता जोडपं घ्या. राशी लोकांत सारख्या वाटल्या गेल्यात असं धरलं, तर १४४ जोडप्यांतल्या ९५ घरी दोघांपैकी एकाला तरी शनी लागलेला निघतो. सासू-सासरे जोडीला असतील, म्हणजे घरात चार माणसं, तर हा आकडा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर जातो. कुठल्याही वर्षी, कुठल्याही घरात भांडण होवो, पंचांग उघडलं की शनी हजर. न सापडला तरच नवल.

हे गणित मी फोन करणाऱ्यांना सांगून पाहिलं आहे. कोणाला आवडत नाही. प्रत्येकाला आपला शनी खास आपल्यासाठी आलेला हवा असतो.

तरीही मी पंचांग उघडते, आणि त्याचं कारण माझ्या नणंदेच्या घरात बघायला मिळतं. तिच्या यजमानांची रास सिंह. शनी आठवा, आणि मे २०२५ पासून केतू राशीलाच, समोर सातव्यात राहू. गोचराच्या, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणाच्या, पुस्तकी नियमांनी पाहिलं तर या काळात सगळ्यात जास्त कुरकुर सिंहेचीच असायला हवी. निवृत्त झाल्यापासून ते घुमे झाले होते आणि कपाटाचं दार जरा जोरात लागलं तरी खेकसायचे. मी हे सगळं वन्संना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वहिनी, हे त्यांचं नाही, शनीचं आहे?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी उलट उत्तर देणं सोडलं. खेकसणं ऐकलं की मनात म्हणायचं, आठवा शनी. काही महिने घरात खरंच निवांत गेले. वाद घालायला समोर कोणी नसेल तर एकटा माणूस किती वेळ ओरडणार?

मग ही गोष्ट यजमानांच्या कानावर गेली. झालं! त्यांनी आठवा शनी रजेच्या अर्जासारखा वापरायला काढला. औषधं वेळेवर का घेत नाही? शनी. मुलाशी तोडून का बोललात? शनी. "मला काही बोलू नकोस, माझा काळ चालू आहे." वन्संनी फोन करून विचारलं, हे संपतं कधी? मी तारीख वाचली. ३ जून २०२७ ला शनी मेषेत जाईल, पण वक्री होऊन, म्हणजे उलटा चालताना दिसून, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात परत मीनेत येईल, आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये कायमचा मेषेत. "परत येईल?" हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू पाहुण्याने बॅग विसरली आहे.

गोचराचं नात्यांमधलं काम मला इतकंच दिसतं, पण ते लहान नाही. दोन माणसांमध्ये एक तिसरा येऊन बसतो. त्याच्यावर खापर फोडता येतं, तो उलट बोलत नाही, आणि त्याची जाण्याची तारीख छापलेली असते. दुःखाला, अबोल्याला, रागाला अशी तारीख आपली आपल्याला ठरवता येत नाही. आकाशातल्या कोणीतरी ठरवून दिली की माणूस तेवढं थांबतो. थांबल्यावर कधी कधी राग उतरतोही. त्याचं श्रेय शनीला.

आता २ जून २०२६ पासून गुरू कर्केत आहे, म्हणजे उच्चीचा, सगळ्यात बलवान मानतात त्या राशीत, ३१ ऑक्टोबरपर्यंत. बारा वर्षांनी त्याचा हा फेरा येतो, मागचा २०१४-१५ चा. कर्केतून त्याची नववी दृष्टी, म्हणजे स्वतःपासून नवव्या राशीवरची नजर, बरोबर मीनेतल्या शनीवर पडते, आणि हे कळल्यापासून लोकांचा सूर बदललाय. आता मिटेल का? माझ्या ओळखीतल्या दोन भावांनी, ज्यांच्यात जमिनीवरून बोलणं बंद होतं, गुरूची वाट बघून जूनमध्ये एकत्र बसायचं ठरवलं आणि बसले. मला विचाराल तर मेमध्येही बसता आलं असतं. पण आधी फोन कोणी करायचा यावर दोघांचं अडलं होतं, आणि गुरूने तो प्रश्न सोडवला. दोघांनाही मान तुकवावी लागली नाही. अशा कामाला गुरू फार उपयोगी आहे, उच्चीचा असो वा नसो.

उलट बाजूही सांगते. कन्या राशीच्या एका बाईचा फोन आला, मागे मिक्सर चालू ठेवून बोलत होती. शनी तिला सातवा, म्हणजे विवाहस्थानात. कोणीतरी तिला सांगितलं होतं की शनी हलेपर्यंत सहन कर, मग नवरा सुधारेल. मी विचारलं, सहन म्हणजे काय? मिक्सर बंद झाला, परत सुरू झाला, आणि मग तिने सांगितलं. घरात हात उचलला जात असेल तर मी पत्रिका उघडतच नाही. तिथे तारीख देणं म्हणजे मारणाऱ्याला मुदतवाढ देणं. तिला मी वकिलाचा आणि तिच्या सख्ख्या भावाचा नंबर लावायला सांगितला. गोचर सांगणाऱ्यांनी एवढी एक लक्ष्मणरेषा पाळली तरी पुष्कळ झालं. पण रत्नं आणि शांती विकणाऱ्यांना ती परवडत नाही.

भाचीचं वेगळंच. ती पाश्चात्य पद्धतीचं ॲप बघते. "मावशी, तुझा शनी मीनेत कसा? माझ्याकडे तर फेब्रुवारीतच मेषेत गेला." दोघींचा शनी तोच, आकाशातली जागाही तीच. तिचं राशिचक्र वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून मोजतं, आपलं ताऱ्यांपासून. संपातबिंदू साधारण बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही मोजण्या जुळत होत्या, आता चोवीस अंशांचा फरक पडलाय. मेष पहिली रास, मीन शेवटची, म्हणून तिच्या मते हा काळ नवी सुरुवात करण्याचा आणि माझ्या मते जुनं आवरण्याचा. तिने होणाऱ्या नवऱ्याशी भांडताना दोन्ही वापरून पाहिले. भांडण तेच राहिलं.

तिचं ॲप समाजाबद्दलही बोलतं. २० फेब्रुवारी २०२६ ला शनी आणि नेपच्यून एकत्र आले, ही युती सुमारे छत्तीस वर्षांनी होते. मागच्या युत्या कोणत्या? १९८९, बर्लिनची भिंत पडली. १९५३, स्टालिन गेला. १९१७, रशियन क्रांती. ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला. मग हिशेबनीस जागी झाली. त्याआधीची युती १८८२ ची, तिचं कोणी नाव काढत नाही. त्याही आधीची १८४६ ची, आणि नेपच्यून मुळात सापडला तोच १८४६ च्या सप्टेंबरात. ज्या वर्षांत मोठं काही घडलं ती वर्षं यादीत, बाकीची रद्दीत. असा ताळेबंद मी कामावर मांडला तर माझी नोकरी जाईल.

तसं राज्य, पाऊस, पीकपाणी यांच्याशी ग्रह जोडण्याची सवय फार जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, एकेका ग्रहाच्या चाराला, म्हणजे चालीला, स्वतंत्र अध्याय आहेत. आणि घाबरण्याची सवयही जुनीच. श्टॉफ्लर नावाच्या जर्मन गणितज्ञाने १४९९ च्या पंचांगात दाखवलं की फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीत ग्रहांची गर्दी होणार. मीन म्हणजे जलराशी, म्हणून युरोपभर जलप्रलयाची आवई उठली, शंभरावर पुस्तिका छापल्या गेल्या. प्रलय काही आला नाही. आपल्याकडची अष्टग्रही तर मामाने स्वतः पाहिलेली. फेब्रुवारी १९६२ च्या पहिल्या आठवड्यात सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकरेत, वर सूर्यग्रहण. देशभर होमहवन, लोकांनी प्रवास रद्द केले, जग बुडणार म्हणून रात्र जागून काढली. मामा तेव्हा शाळेत होता. सकाळी दूधवाला नेहमीच्या वेळी आला आणि मामाला शाळेत जावं लागलं, याचा राग त्याला म्हातारपणीही होता. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनशी युद्ध झालं, तेव्हा "बघा, अष्टग्रहीचं फळ" म्हणणारे निघालेच. आठ महिने उशिरा आलेलं फळ!

हल्ली राहू कुंभेत आहे, २०२६ च्या अखेरीपर्यंत. कुंभ म्हणजे समूह, राहू म्हणजे भ्रम आणि यंत्रं, म्हणून फोनवरच्या अफवा, खोटे व्हिडिओ, एआय हे सगळं त्याच्या खात्यावर टाकलं जातं. मोह मलाही होतो, कारण राहू याआधी कुंभेत होता तेव्हा, २००७ साली, पहिला आयफोन आला होता. पण घरातल्या आणि समाजातल्या खापरात एक फरक आहे, आणि तो मला खटकतो. नवरा-बायकोत शनीला दोष दिला तर दोघंही जरा सुटतात, श्वास घेतात. समाजात राहूला दोष दिला तर अफवा पसरवणारा सुटतो आणि जिच्याबद्दल अफवा पसरली ती अडकते. राहूवर काही गुन्हा दाखल करता येत नाही. तो मुळात ग्रहही नाही, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो एक बिंदू.

मुलगा मला अधूनमधून नारळीकरांच्या चाचणीची आठवण करून देतो. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी २००८ साली दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, शंभर अभ्यासात हुशार, शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून पन्नास आली असती. मुलाला वाटतं हे ऐकून मी पंचांग टाकून देईन. मी म्हणते, बाबा, मी कोणाची हुशारी ओळखायला बसलेले नाही. लोक येतात ते बोलायला, आणि ग्रहांचं निमित्त नसेल तर ते बोलत नाहीत. त्याला हे पटत नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

पुढचा हंगाम शुक्राचा. ३ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर शुक्र वक्री, आणि वक्री शुक्रात जुनं माणूस परत येतं अशी समजूत आहे. शुक्राचं गणित मात्र देखणं. आठ वर्षांत तो पाच वेळा वक्री होतो आणि जवळपास त्याच तारखांवर परततो, २०१८ लाही ऑक्टोबर-नोव्हेंबरच होता. भाचीने हे ऐकून बोटांवर वर्षं मोजली आणि तोंड वाकडं केलं. तिला ज्याने परत यावंसं वाटत होतं, त्याला २०१८ मध्ये ती ओळखतच नव्हती.

परवा वन्संच्या यजमानांचा स्वतःहून फोन आला, पहिल्यांदाच. आवाज दबका. "वहिनी, हिची रास कोणती हो?"

"वृश्चिक."

"तिला सध्या काय चालू आहे?"

मी पुन्हा बघून घेतलं. साडेसाती नाही, चौथा नाही, आठवा नाही. उलट गुरूची पाचवी दृष्टी राशीवर. "काहीच नाही. उत्तम आहे."

"मग ही माझ्यावर का चिडते?"

"ते तिलाच विचारा," मी म्हटलं, "३१ ऑक्टोबरच्या आत."