बेवारस गोल

सकाळी लायब्ररीचं दार उघडायला गेले तेव्हा आजी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. जुलै महिना, म्हणजे इकडचा भर हिवाळा. गवतावर अजून दहिवर होतं. त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यावर दोन्ही हात गच्च ठेवलेले. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते, पण मराठीत लिहायला बसलं की अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईसाठी ‘आजी’च येतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून बऱ्याच आत असलेल्या एका गावच्या लायब्ररीत मी स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळते. जमिनीचे नकाशे, शाळांचे हजेरीपट, जुनी वर्तमानपत्रं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी सहा फूटीबद्दल विचारतात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. कुणाचे आजोबा कुठल्या साली कुठल्या टीमकडून खेळले, किती गोल मारले, फायनल किती गुणांनी हुकली. गावच्या क्लबात लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत दरवर्षीच्या सर्वाधिक गोल करणाऱ्याचं नाव असतं, आणि घराण्याची पत त्या फळ्यावर ठरते, असं म्हटलं तरी चालेल.

आजींच्या वडिलांचं नाव त्या फळ्यावर १९३४ सालासमोर आहे. पुढे आकडा: ९९.

“माझा भाऊ मरेपर्यंत म्हणत होता की शंभर झाले होते,” आजी म्हणाल्या. “शनिवारी क्लबचा मेळावा आहे. फळा नव्यानं रंगवणार आहेत. एकदा नीट बघशील का?”

शंभर गोलांचं इथे काय मोल आहे ते आपल्याकडे क्रिकेटवेड्या माणसाला लगेच कळेल. मेलबर्नच्या मोठ्या लीगमध्ये एका हंगामात शंभर गोल पहिल्यांदा केले ते कॉलिंगवूड क्लबच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीनं, १९२९ साली. त्याचे १२४ झाले. आजींचे वडील इथे चिखलात खेळत होते त्याच १९३४ मध्ये तिकडे साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटनं १५० केले. तो आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. हॉथॉर्नच्या पीटर हडसनचे १९७१ च्या फायनलमध्ये बरोबर १५० झाले आणि तिथेच अडले. अलीकडच्या काळात शंभरी गाठणारा शेवटचा खेळाडू लान्स फ्रँकलिन, २००८ साली. शंभरावा गोल झाला की प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात धावत सुटतात, खेळ थांबतो, आणि त्याचा कुणालाच राग येत नाही. ९९ वर थांबलेल्या माणसासाठी कुणी धावत नाही.

डबा उघडला. आत कापडी बांधणीची वही, आणि तिच्यात कणकेच्या खळीनं चिकटवलेली कात्रणं. आजींच्या आईनं दर आठवड्याला कापून लावलेली. पानं उलटताना खळ करकर वाजत होती, कडांना कसर लागली होती. तारखा एकाही कात्रणावर नव्हत्या. मी बेरीज केली: तेरा सामने, ८१ गोल. हंगामात साखळीचे चौदा आणि बाद फेरीचे दोन असे सोळा सामने, म्हणजे तीन कात्रणं गहाळ.

मायक्रोफिल्मच्या यंत्रावर १९३४ चं रीळ चढवलं. गावचं वर्तमानपत्र तेव्हा आठवड्यातून दोनदा निघायचं आणि शनिवारच्या सामन्याची हकीकत मंगळवारी यायची. राहिलेले तीन सामने सापडले: ७, ६ आणि ५. एकूण ९९. फळा बरोबर होता. काम तासाभरात संपलं होतं आणि आजींना तसं सांगायला मी उठलेही होते.

पण नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. माझे वडील सांगलीत क्लबच्या सामन्यांना स्कोअरर असायचे. संध्याकाळी घरी आले की आधी पेन्सिलीनं ताळा करायचे: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा बरोबर एकूण धावसंख्या. जमला नाही तर जेवण थांबायचं. फूटीतही असा एक ताळा आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायानं मारून गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबांच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. गुणसंख्या लिहिताना आधी गोल, मग बिहाइंड, मग कंसात एकूण गुण. बिहाइंडचा ताळा कधीच जमत नाही, कारण बचाव करणाऱ्यांनीच घाईत चेंडू पलीकडे ढकलला तरी एक गुण मिळतो आणि तो कुणाच्याच नावावर जात नाही. गोलाचं तसं नाही. प्रत्येक गोलामागे एक बूट असतो, म्हणून खेळाडूंच्या नावापुढचे गोल मिळवले की टीमच्या गोलांइतके भरलेच पाहिजेत.

मी सोळाही सामन्यांचा ताळा केला. पंधरा जमले, नववा जमला नाही.

टीमची गुणसंख्या छापली होती ११.१३ (७९). खाली गोल करणाऱ्यांची नावं: आजींच्या वडिलांचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २, चौथ्याचा १. झाले दहा. वहीतलं त्याच सामन्याचं कात्रण काढून पाहिलं, तर कात्री नेमकी गुणसंख्येच्या ओळीखालून फिरली होती. आईला नवऱ्याच्या नावाची ओळ हवी होती, तिनं तेवढीच ठेवली. नव्वद वर्षं ही तफावत कुणाच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती.

आजी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी काहीच विचारलं नाही, पण अकरा वजा दहा त्यांनाही करता येत होतं.

आता दुसरा साक्षीदार हवा होता. समोरच्या टीमच्या गावातही वर्तमानपत्र होतं आणि ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर आहे. जुन्या वर्तमानपत्रांची लाखो पानं तिथे कुणालाही फुकट वाचता येतात, आणि यंत्रानं चुकीचा वाचलेला मजकूर हजारो लोक घरबसल्या दुरुस्त करत असतात. मजकुरात ३ चा ८ हमखास होतो, म्हणून आकड्यांसाठी मी नेहमी मूळ पानाचं चित्रच बघते. पान सापडलं, आणि गुंता वाढला. तिथे आमच्या टीमची गुणसंख्या होती १०.१४ (७४). एक गोल कमी, एक बिहाइंड जास्त. म्हणजे कुणाच्या नावावर हा प्रश्न बाजूलाच राहिला, तो गोल मुळात झाला की नाही हेच ठरेना. बातमीदारानं लिहिलं होतं की पावसानं मैदानाचं तळं झालं होतं, शेवटच्या क्वार्टरमध्ये खांबांसमोर झुंबड उडाली आणि तीतून चेंडू पलीकडे गेला. कुणाचंही नाव नाही.

एवढ्यात क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. रंगारी शुक्रवारी येणार होता. मी जेवढं सापडलं तेवढं सांगितलं, तर ते खूश झाले. “मग झालंच की! एक गोल शिल्लक आहे, देऊन टाकू त्यांना. कुणाचं काय जातंय?” मी गप्प राहिले तशी त्यांनी १९८९ चा दाखला दिला. इथल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाचे गुण पूर्वी समान झाले की एकालाच पदक मिळायचं. १९३० साली तिघांचे प्रत्येकी चार गुण झाले. त्यांतला जडकिन्स सामने कमी खेळला होता म्हणून पदक त्याला गेलं. १९८९ मध्ये लीगनं अशा सगळ्या डावललेल्यांना पदकं दिली, त्यात १९३० चे हॅरी कॉलियर आणि ॲलन हॉपकिन्सही होते. एकोणसाठ वर्षांनी! तेव्हा चाललं, मग आता का नाही?

त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते पटलं नाही, आणि आजही पटत नाही. कॉलियर आणि हॉपकिन्सचे चार गुण १९३० च्या कागदावर होतेच. बदलला तो नियम, गुण कुणी नव्यानं घातले नाहीत. निकाल मागाहून फिरल्याची उदाहरणं आहेत. सेंट किल्डा हा क्लब १८९७ पासून ओळीनं ४८ सामने हरला, आणि त्यांचा पहिला विजय १९०० सालच्या बरोबरीतून निघाला: तिसऱ्या क्वार्टरची घंटा झाल्यावर समोरच्या मेलबर्न क्लबला दिलेला एक गुण तक्रारीनंतर काढला गेला. २००६ साली लॉन्सेस्टनला त्याच सेंट किल्डाच्या वाट्याला उलटं आलं. भोंगा वाजला, तो अंपायरना ऐकू गेला नाही, खेळ चालू राहिला आणि सेंट किल्डाला बरोबरीचा गुण मिळाला. त्याच आठवड्यात लीगच्या आयोगानं तो गुण रद्द करून समोरच्या फ्रीमँटल क्लबला एका गुणानं विजयी ठरवलं. दोन्ही वेळा काहीतरी ठोस घडलं होतं आणि ते सिद्ध करता आलं होतं. माझ्याकडे एक रिकामी जागा होती, आणि रिकाम्या जागेत कुणाला बसवायचं हे प्रेमानं ठरवता येत नाही. सेक्रेटरींना मी एवढंच म्हणाले, “चारपर्यंत थांबा.”

गोल झाला की नाही हे तरी शोधता येईल, असं मला वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत सॅंडविच खाताना वाट सापडली. गुणतक्ता! फूटीत दोन टीमचे विजय सारखे असले की टक्केवारी बघतात: केलेले गुण भागिले खाल्लेले (म्हणजे समोरच्यांनी आपल्याविरुद्ध केलेले) गुण, गुणिले शंभर. त्यासाठी लीगच्या सेक्रेटरीला प्रत्येक टीमचे एकूण गुण ठेवावेच लागतात, आणि ते तो बातमीदाराच्या वहीतून घेत नाही. गोल अंपायर खांबांमध्ये उभे असतात. गोलाला दोन निशाणं हलवतात, बिहाइंडला एक, आणि लगेच स्वतःच्या कार्डावर टिपतात. तक्ता त्या कार्डांवरून भरतो.

आठव्या आठवड्यानंतरचा तक्ता रिळावर सापडला. आमचे केलेले गुण ६४८. पुढचं पान फिरवलं, तर नवव्या आठवड्यानंतरच्या तक्त्यावर फिल्मचा उभा ओरखडा, नेमका आमच्या ओळीवर. पहिला आकडा ७, शेवटचाही ७ असावा, मधला गेलेला. मी भिंग लावलं, प्रकाश कमी-जास्त केला, रीळ काढून उलटं चढवलं. मग लक्षात आलं की उत्तर आणखी एका ठिकाणी लिहिलेलं असणार: समोरच्या टीमनं खाल्लेल्या गुणांत. ती ओळ स्वच्छ होती. आधीच्या आठवड्याचा आकडा वजा केला. बाकी आली ७९.

गोल झाला होता. दोन निशाणं हलली होती. त्या पावसात पलीकडच्या गावच्या बातमीदाराला ती दिसली नाहीत.

ताळा जमल्याचा जो आनंद असतो तो मला झाला, खोटं कशाला बोलू. हात थरथरत होते. मी आजींना कागदावर सगळं मांडून दाखवलं: हे ६४८, हा ओरखडा, ही समोरची ओळ, हे ७९. गोल अकरा, नावं दहा. त्यांनी बोट ठेवून प्रत्येक आकडा वाचला. मग विचारलं, “आणि तो अकरावा कुणाचा?”

“ते कुठेच लिहिलेलं नाही, आजी. तुमच्या वडिलांचा असू शकतो. त्या झुंबडीतल्या दुसऱ्या कुणाचाही असू शकतो.”

मला आठवण झाली ती ब्रॅडमनची. कसोटीत त्यांच्या ६९९६ धावा, सरासरी ९९.९४, आणखी चार धावा असत्या तर बरोबर शंभर. मेलबर्नच्याच एका आकडेवारीच्या अभ्यासकाला १९२८-२९ च्या मालिकेतल्या मेलबर्न कसोटीच्या जुन्या स्कोअरबुकात एका चौकाराबद्दल शंका आली होती, की तो ब्रॅडमनचा असून दुसऱ्याच्या नावावर तर गेला नाही ना. साऱ्या देशाला तो चौकार हवा होता, तरी सरासरी ९९.९४ च राहिली. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ब्रॅडमनचं त्यांना माहीत होतं.

बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी त्या चिखलात दुसरं कोण कोण होतं, ते नावांनिशी आहे का?” टीमची यादी होती. अठरा नावं. आजींनी ती मोठ्यानं वाचली. तिसऱ्या नावावर थांबल्या: हा बेकरीवाला, ह्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. आणखी खाली एक नाव: हा युद्धावर गेला तो परत आला नाही. गोल करणाऱ्यांतला चौथा, एक गोलवाला पोरगा एकोणीस वर्षांचा होता, त्या हंगामात त्याच्या नावावर तेवढा एकच गोल होता. “त्याचे दोन झाले असते तर त्याच्या घरच्यांना किती बरं वाटलं असतं,” त्या म्हणाल्या.

चार वाजता मी सेक्रेटरींना फोन केला. ते नाराज झाले. लायब्ररीनं जरा मन मोठं करायला हवं होतं, असं म्हणाले. मी कागद पाठवते म्हटलं आणि पाठवलेही, दोन्ही वर्तमानपत्रं, दोन्ही तक्ते, बेरीज-वजाबाकीसकट.

आजींनी त्या नवव्या सामन्याच्या अख्ख्या पानाची प्रत मागितली. गुणसंख्येची ओळ धरून. ती त्यांनी घडी घालून वहीत, आईनं कापलेल्या कात्रणाशेजारी ठेवली, आणि मला पेन्सिलीनं बाजूला तारीख घालायला लावली, कारण माझं अक्षर त्यांच्यापेक्षा वाचता येण्यासारखं आहे.

शनिवारी मी मेळाव्याला गेले. फळा नवा झाला होता, रंगाचा वास येत होता. १९३४ समोर ९९. आमच्या विभागातल्या फाइलमध्ये त्या हंगामाच्या नवव्या ओळीत आता असं आहे: गोल ११, नावं १०.