बुंदीसोबत तीन दिवस व्हिएन्नात

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही म्युनिकहून व्हिएन्नाला जाऊन आलो. मी, नवरा, दहा वर्षांची लेक, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि आमची २६ किलोची लॅब्रॅडॉर बुंदी. रेलजेट गाडीनं साधारण चार तास लागतात. डब्याच्या टोकाच्या जागा आरक्षित केल्यामुळे बुंदीला पायाशी ऐसपैस आडवं होता आलं.

सगळ्यात आधी मुसक्याबद्दल सांगते, कारण अख्खी सहल त्यावर अवलंबून असते. ऑस्ट्रियातल्या रेल्वेत आणि व्हिएन्नाच्या मेट्रो, ट्रॅम, बसमध्ये मोठ्या कुत्र्याला पट्टा आणि मुसकं दोन्ही सक्तीचं आहे. तिकीटही लागतं. बुंदीला मुसक्याची सवय नव्हती, म्हणून तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी मुसक्याच्या आत टोकाला बोटभर पीनट बटर लावायचो आणि ते जमिनीवर ठेवून द्यायचो. ती आपणहून नाक घालायची. पहिला आठवडा बक्कल लावलंच नाही. मग दहा सेकंद, मग मिनिटभर. गाडीत बसलो तेव्हा मुसकं दिसताच ती शेपूट हलवत पुढे आली. कापडी, घट्ट पट्टीचं मुसकं घेऊ नका. कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता यायला हव्यात, पाणी पिता यायला हवं. टोपलीसारखं जाळीचंच घ्या.

दुसऱ्या दिवशी मुसकं हॉटेलवर राहिलं आणि नाश्मार्क्टच्या बाजारापासून सगळीकडे पायपीट झाली. संध्याकाळी आईंचे गुडघे धरले. त्यानंतर ते मी सॅकला बाहेरून अडकवूनच ठेवलं.

संग्रहालयांत कुत्र्यांना प्रवेश नाही, तरी ती सोडू नका. मारिया थेरेसियाच्या पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन जुळ्या इमारती आहेत, एक निसर्गविज्ञानाची, एक कलेची. मधल्या बागेत बाक आहेत. आम्ही पाळ्या लावल्या. आधी लेक आणि मी विलेनडॉर्फची व्हीनस बघून आलो. १९०८ साली सापडलेली, जेमतेम ११ सेंटिमीटरची दगडी मूर्ती. लेक काचेला नाक लावून किती वेळ उभी होती! मग नवरा आणि आई समोरच्या संग्रहालयात ब्रूगेलची चित्रं बघायला गेले. आई परत आल्या त्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या चित्राबद्दल बोलतच. ‘कुत्री किती दमलेली काढलीयेत गं, माना बघ कशा खाली,’ असं म्हणून त्यांनी बुंदीचं डोकं कुरवाळलं. १९ वर्षांखालच्यांना दोन्हीकडे मोफत प्रवेश आहे. निसर्गविज्ञानाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

कॉफीहाउसमध्ये मात्र बुंदीचं स्वागतच झालं. दारात एकदा विचारून घ्यावं, एवढंच. आमची कॉफी यायच्या आधी वेटरनं पाण्याचं भांडं आणून तिच्यापुढे ठेवलं. शहराला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली जलवाहिनी १८७३ची. रस्त्यावरच्या पिण्याच्या नळांवर बाटली बिनधास्त भरा.

शेवटची सकाळ डोनाउइन्झेलला द्या. डॅन्यूबमधलं हे माणसांनी रचलेलं, २१ किलोमीटर लांबीचं बेट. श्टेफान्सप्लाट्झहून मेट्रोची यू१ थेट तिथे जाते. कुत्र्यांसाठी राखलेल्या जागेत बुंदी तासभर पट्ट्याविना पळत होती. मुलांच्या खेळाच्या जागेत मात्र कुत्रं नेऊ नका, मनाई आहे.

हॉटेलला कुत्र्याचं वजन आधीच लेखी कळवा. रात्रीचे वेगळे पैसे किती आणि नाश्त्याच्या खोलीत कुत्रं चालतं का, तेही विचारा. आमच्याकडे चालत नव्हतं, आम्ही दोन फेऱ्यांत खाल्लं.

युरोपियन संघातल्या देशांत फिरायला चिप, रेबीजची लस आणि कुत्र्याचा पासपोर्ट पुरतो. पहिली लस टोचल्यावर २१ दिवस थांबावं लागतं. भारतातून कुत्रं आणणार असाल तर हिशेब वेगळा आहे: आधी चिप, मग लस, किमान ३० दिवसांनी युरोपियन संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना, आणि नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबणं. दिवाळीत यायचं असेल तर मे महिन्यातच पशुवैद्यांना गाठा.