‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर कुठे लिहायचं?

पुण्यातल्या वस्तीत सर्वेक्षणाला गेलं की ‘काम करता का?’ हा प्रश्न हमखास फसतो. पापड लाटणारी, पाणी भरणारी बाई ‘नाही, घरीच असते’ म्हणते आणि तक्त्यात शून्य पडतं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या मते चौकशी सुरू होते ती अडलेल्या परिस्थितीतून, आणि संकल्पना हे हत्यार असतं. चाललं नाही तर बदलायचं. इथे बदलायची ती ‘काम’ची व्याख्या, बाईचं उत्तर नव्हे.

म्हणून काल पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंतचा दिवस विचारा, अर्ध्या तासाची एक अशा 48 ओळींत. भारताच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणातही अर्ध्या तासाचेच टप्पे होते. रकाने मात्र दोन हवेतच: एक मुख्य कामाचा, एक त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या कामाचा. भाजी निवडता निवडता मूल सांभाळलं जातं. एकच रकाना ठेवला की सांभाळणं गायब. सासूबाई शेजारी असतील तर विसाव्याची अर्धी ओळही कुणी सांगत नाही, तेव्हा पुन्हा जा.

भरलेला तक्ता त्याच बायकांना वाचून दाखवा. समाजसुधारक जेन अ‍ॅडम्सच्या हल हाऊस या वस्तीकेंद्रात राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी 1895 मध्ये शिकागोतल्या आपल्याच वस्तीच्या मजुरीचे नकाशे छापले होते. बायकांनी सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या शाईत लिहा, मूळ उत्तर खोडू नका.