पत्र्याच्या पेटीपासून केडीएमपर्यंत: आमची वाटचाल

रिळांच्या काळात वितरकाला सिनेमा हाताला लागायचा. पस्तीस एमएमची एक मिनिटाची फिल्म ९० फुटांची, म्हणजे सव्वादोन तासांचा मराठी चित्रपट बारा हजार फुटांच्या वर. पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढायच्या. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली की संपलेली रिळं सायकलवरून पळवावी लागत.

आता सिनेमा हार्डडिस्कवर येतो, आणि तो उघडणारी डिजिटल किल्ली म्हणजे केडीएम. ही किल्ली टॉकीजमधल्या सिनेमा चालवणाऱ्या एकाच संगणकापुरती, म्हणजे सर्व्हरपुरती, आणि ठरलेल्या तारखांपुरती. टॉकीजवाल्याने सर्व्हर बदलून कळवलं नाही, की शुक्रवारी बाराच्या शोला पडदा काळा. नव्या पोरांना सांगतो, गुरुवारी दुपारीच किल्ली चढवून दहा मिनिटं चालवून बघायला लावा.

आमचं कंबरडं मोडलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. हिंदीत डब केलेला एक परदेशी सिनेमा आला आणि दुसऱ्या शुक्रवारी आमच्या मराठी चित्रपटाच्या चाळीस शोंचे सहा झाले. तेही सकाळी साडेनऊचे. तो आणणारा वितरक अजून भेटला की विचारतो, 'तुमचा चित्रपट चालला नाही का हो?' चालायला शो लागतात!

खरी मेख गल्ल्यातल्या हिश्श्यात आहे. मल्टिप्लेक्सविरुद्धच्या २००९ च्या संपानंतर हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सशी वितरकाच्या हिश्श्याचे टप्पे ठरवले: पहिल्या आठवड्याला ५०, मग ४२.५, ३७.५ आणि ३० टक्के. या मापाने निव्वळ दहा लाखांचा हिशोब करा. पहिल्या आठवड्यात सात आणि पुढे एकेक लाख आले, तर हाती ४ लाख ६० हजार. तेच दहा लाख एक, तीन, चार, दोन असे आले, तर ३ लाख ८७ हजार ५००. गल्ला तोच, पण ७२,५०० रुपये कमी, कारण चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर उशिरा उचलला. जाहिरातीच्या जोरावर शुक्रवारीच हॉल भरणाऱ्या परदेशी सिनेमाला हे माप सोयीचं. आपल्याला नाही.

म्हणून नुसत्या कोट्यावर, म्हणजे देशी सिनेमासाठी शो राखण्याच्या सक्तीवर, आमचा भरवसा नाही. ब्रिटनने १९२७ मध्ये कायद्याने कोटा लावला, तर तो भरायला स्वस्तातले घाईचे सिनेमे निघाले. कोरियात वर्षाला १४६ दिवस देशी सिनेमा सक्तीचा होता, तो २००६ मध्ये ७३ वर आला. आपल्याकडे २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला मराठीसाठी प्राइम टाइम सांगितला गेला आणि बोलणी होता होता तो दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणला गेला. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणारा माणूस तिकीटखिडकीवर कधी बसलेला नसतो. मागायचंच असेल तर दुसऱ्या आठवड्यातला संध्याकाळचा शो मागा. मंगळवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्याहून वर असेल, तर तो शो हटवायचा नाही, एवढीच अट.

तालुक्याच्या एका सिंगल स्क्रीनच्या मॅनेजरसाहेबांनी ही अट न सांगता पाळली. चाळीसवरून सहा शोंवर आलेल्या आमच्या त्या चित्रपटाचा संध्याकाळी सहाचा शो त्यांनी तिसऱ्या आठवड्यातही ठेवला. रात्री साडेअकराला त्यांचा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा हिशोब, अजून येतो, स्टॉल वेगळा, बाल्कनी वेगळी, आणि खाली फुकट पासांची संख्यासुद्धा.