पहिल्या सलाइनआधीच्या तपासण्या

क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या, आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे सलाइनमधून दिले जाणारे औषध घ्यायचे ठरले, तरी पहिले सलाइन लागेपर्यंत मधे काही आठवडे जातात आणि घरच्यांना ते वाया गेल्यासारखे वाटतात. माझी पोटदुखी, जुलाब आणि उतरत चाललेले वजन समोर दिसत असताना डॉक्टर अजून तपासण्याच का लिहून देत आहेत, हा माझ्या आईचा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकच होता. तरीही मुंबईत राहणाऱ्या कोणीही या टप्प्यावर घाई करू नये, असे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते.

हे औषध टीएनएफ-अल्फा या प्रथिनाला अडवते. आतड्याचा दाह भडकवणारे हेच प्रथिन, शरीरात पूर्वी कधीतरी शिरलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचे कुंपण टिकवून धरण्याचेही काम करते. ते कुंपण ढासळले, की वर्षानुवर्षे निपचित पडलेला क्षय उफाळू शकतो आणि तो फुप्फुसांपुरताच राहील याचीही खात्री नसते. आपल्या शहरात असे जंतू खोकला वा ताप नसलेल्या माणसातही असू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही रक्ततपासणी करतात. मांटू ही क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तर स्टेरॉइड चालू असताना खोटी निगेटिव्ह, त्यामुळे चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. शिवाय आतड्याचा क्षय दुर्बिणीतून पुष्कळदा क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी जुना बायोप्सी रिपोर्टही पुन्हा मागवला.

माझा एक्स-रे स्वच्छ होता, पण इग्रा पॉझिटिव्ह आली. प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या आणि पहिला डोस सुमारे महिनाभर पुढे गेला. तो महिना सोपा नव्हता, पण त्याची गरज मला पटली होती.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या त्याच रक्तात होतात. उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी देत नाहीत, म्हणून लसीकरणाचा विषय आधीच काढावा.

डोस वजनावर ठरतो. साधारणपणे किलोमागे 5 मिलिग्रॅम या हिशेबाने 55 किलोच्या माणसाला 275 मिलिग्रॅम लागतात, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या 3 बाटल्या. पहिल्या डोसानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात आणि मग दर 8 आठवड्यांनी सलाइन लागते. औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते, पण गोठता कामा नये. त्यामुळे केमिस्टकडून आपणच आणायचे असेल, तर मुंबईच्या उकाड्यात बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात आणावे आणि बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नये. सुरुवातीला सलाइन किमान 2 तास चालते आणि ते संपल्यावरही रुग्णाला काही वेळ तिथेच थांबवून घेतात. त्या दरम्यान खाज, धाप किंवा छातीत आवळल्यासारखे वाटले, तर लगेच सिस्टरना सांगावे.

सध्या मला काळजी आहे ती पावसाळ्यातील तापांची. ताप असताना डोस द्यायचा की पुढे ढकलायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, म्हणून अशा दिवशी घरून निघण्यापूर्वीच त्यांना फोन करायचा, असे आई आणि मी ठरवले आहे.