सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट

२२ जुलै, रबाळे

सकाळपासून धो धो. ठाणे-बेलापूर रस्ता दिसत नाही आणि हवा इतकी दमट की काट्यावर ठेवलेल्या कोरड्या ॲल्युमिनाच्या कॅटॅलिस्ट दाण्यांचं (कॅटॅलिस्ट म्हणजे रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ, इथे छिद्राछिद्रांचा) वजन बघता बघता वाढतं. म्हणून आधी हेच लिहून ठेवावं: पावसाळ्यात दाणे १२० अंशांवर रात्रभर सुकवायचे, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायचे आणि बाहेर काढताच तोलायचे. चहा पिऊन येऊन तोलले तर ग्रॅममागचा रिॲक्शनचा वेग सगळा खोटा.

कॅटॅलिस्टच्या कागदावर ठळक छापलेला आकडा असतो क्षेत्रफळाचा. गॅमा ॲल्युमिना, ग्रॅमला २०० चौरस मीटर. आपल्या भाषेत २१५० चौरस फूट. घणसोलीत एवढ्या जागेत तीन-चार बिऱ्हाडं सहज मावतील. पण हा सुपर बिल्ट-अप. उणे १९६ अंशांना नायट्रोजन निवांत आत मुरवून मोजलेला, त्या नायट्रोजनला कुठलीच घाई नसते. रिॲक्शन चालू असताना यातली किती भिंत खरोखर कामाला येते, हा झाला कार्पेट. तो कागदावर छापता येत नाही, कारण तो दाण्याचा आकार, तापमान आणि रिॲक्शनचा वेग या तिघांवर ठरतो.

छिद्र १० नॅनोमीटर रुंदीचं असेल तर वायूचे रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतींवर जास्त आपटतात. ५०० केल्विनला नायट्रोजनसारख्या रेणूचं विसरण (पसरत आत शिरण्याचा वेग) सेकंदाला साधारण २×१०⁻⁶ चौरस मीटर येतं. त्यात दाण्याचा निम्मा भाग घन आणि वाटा नागमोडी (वळणांक ४ धरू), म्हणजे हाती उरतो त्याचा आठवा हिस्सा, २.५×१०⁻⁷. आता पहिल्या कोटीची रिॲक्शन (रेणू जितके दाट, तितका वेग), वेगांक सेकंदाला ११, आणि ३ मिलिमीटर व्यासाचा गोल दाणा घ्या. रेणू तोंडाशी शिरतात आणि गाभ्यापर्यंत पोचायच्या आतच भिंतींवर खपतात. थिली अंक (विसरणाच्या मानाने रिॲक्शन किती घाईची, याचं माप) १० येतो आणि कार्पेट फक्त २७ टक्के. दाणा १.५ मिलिमीटरचा केला की ४८ टक्के. ०.३ मिलिमीटरचा केला की ९४. कॅटॅलिस्ट तोच, धातू तेवढाच. (थिलीने हे १९३९ मध्ये मांडलं. डिस्टिलेशन टॉवरच्या पायऱ्या काढायच्या मॅककेब-थिली पद्धतीतला तोच हा थिली.)

म्हणून कुठल्याही नव्या दाण्याची पहिली परीक्षा म्हणजे त्याचा चुरा करून बघणे. वजन, प्रवाह, तापमान सगळं तेच ठेवून एकदा अख्खे दाणे आणि एकदा ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या चाळणीतला चुरा. वेग सारखाच आला तर आतल्या विसरणाची अडचण नाही. चुऱ्याचा वेग वाढला तर अख्ख्या दाण्यावर काढलेले सगळे वेगांक विसरणात भिजलेले आहेत.

परीक्षा सोपी, फसायच्या जागा मात्र बऱ्याच. चाळणीखालचं पीठ टाकून द्यायचं, नाहीतर नळीत दाब चढतो आणि वायू मिळेल त्या फटीतून पळतो. नळीचा व्यास दाण्याच्या दहापट तरी हवा. अख्ख्या दाण्यांच्या वेळी नेमकं हेच विसरलं जातं, भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेने वायू निसटतो आणि दोष विसरणाच्या माथी बसतो. उष्णता सोडणारी रिॲक्शन असेल तर थरात त्याच मापाचे सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळावेत. नाहीतर मोजायला गेलो वेग आणि मोजलं थराचं तापणं, असं व्हायचं. परिवर्तन (कच्च्या मालातला बदललेला हिस्सा) १० टक्क्यांच्या आत ठेवावं. ९५ टक्के परिवर्तनावर चांगला आणि वाईट दाणा सारखाच दिसतो.

तापमानाची खूण याहून लबाड. खरी सक्रियण ऊर्जा (रिॲक्शनला ओलांडावा लागणारा उंबरठा) मोलला ८० किलोजूल असेल तर १५० वरून १७० अंशांवर गेल्यावर वेग २.८ पट व्हायला हवा. विसरणाने गळा आवळलेल्या दाण्यात तो १.७ पटच होतो आणि आलेखातून ४० किलोजूल निघतात. रेषा अगदी सरळ येते, म्हणून कुणाला शंका येत नाही! आणि या अर्ध्या आकड्यावर रिॲक्टर बेतला, की पुढे कधी बारीक दाणा भरताच तापमान हाताबाहेर जायला वाव राहतो.

आपल्या पट्ट्यातल्या बॅच प्लांटमध्ये हेच नाटक पॅलेडियम-कार्बनच्या (कार्बनवर बसवलेल्या पॅलेडियमच्या) पुडीवर चालतं, नायट्रो संयुगाला हायड्रोजन जोडताना. पूड ५० मायक्रॉनच्या आसपासची, म्हणजे विसरणाचा प्रश्नच नाही असं वाटतं. पण द्रवातलं विसरण वायूच्या हजारो पट मंद. शिवाय मेथॅनॉलमध्ये विरघळलेला हायड्रोजन फार थोडा असतो, त्याच्यापुढे नायट्रो संयुग कितीतरी जास्त. तेव्हा उपाशी राहतो तो हायड्रोजनच. आधी ढवळण्याचे फेरे वाढवून बघावेत. ४०० वरून ६०० केल्यावर वेग वाढला तर अडचण दाण्याच्या बाहेर, वायूतून द्रवात उतरण्यातच आहे. ती मिटेपर्यंत आतल्या छिद्रांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पूड आणखी बारीक दळायचा मोह होतो, पण मग गाळणी चोंदते. आणि गाळणीवर ती पूड कधीही कोरडी पडू द्यायची नाही. हवा लागली की मेथॅनॉलच्या वाफा पेटतात, म्हणून नायट्रोजन चालू आणि केक (गाळणीवर साचलेला थर) ओला.

कॅटॅलिस्टला मारणाऱ्या गंधकाचा हिशेबही इथेच लागतो. विष गाभ्यापर्यंत जात नाही, तोंडाशीच बसतं. रिॲक्शनही तोंडाशीच चालत असेल, तर १० टक्के पॅलेडियम गेल्यावर वेग त्याच्या कितीतरी जास्त पडतो. कागद म्हणतो ९० टक्के धातू शाबूत आहे. आहेच, पण त्याच्यापर्यंत पोचायला आता मेलेला पट्टा ओलांडावा लागतो.

निवडकतेचा (हवं तेच उत्पादन मिळण्याचा) मामला वेगळा. मधलं उत्पादन हवं असेल तर ते छिद्रात जितकं रेंगाळेल तितकं पुढे जळून-मोडून जाणार. अशा वेळी पॅलेडियम फक्त बाहेरच्या ०.१-०.२ मिलिमीटरच्या सालीत ठेवतात आणि आतली जागा मुद्दाम रिकामी सोडतात. अशा दाण्याचा चुरा करून परीक्षा घेऊ नये. नुसता गाभाच जास्त चाळणीत आला तर वेग उलटा कमी दिसतो.

पावसात पिंप उघडं राहून भिजलेले दाणे थेट तापवले तर छिद्रातल्या पाण्याची वाफ आतून फुटते आणि दाणे तडकतात. मिनिटाला २ अंश, १२० वर दोन तास थांबा, मग पुढे. तडकलेल्यांचा चुरा तळाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि तो काढायला रिॲक्टर पूर्ण रिकामा करावा लागतो.