घरगुती शर्करा-चाचण्या: खडीसाखर निळीच का राहते

बेनेडिक्टचं १०० मिली द्रावण तयार आहे; हे निळं द्रावण काही साखरांबरोबर तापवलं की केशरी-विटकरी होतं. सोडियम सायट्रेट १७.३ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) १.७३ ग्रॅम. कार्बोनेटऐवजी धुण्याच्या सोड्याचे खडे घेतले तर २७ ग्रॅम लागतात, कारण निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. सायट्रेट आणि कार्बोनेट ८० मिली कोमट पाण्यात, मोरचूद वेगळ्या १० मिलीत. मग बारीक धारेने ओतत ढवळायचं आणि १०० पर्यंत भर घालायची. सायट्रेट नसेल तर तांबं कार्बोनेट होऊन तळाला बसतं.

चाचणीला ५ मिली द्रावण, नमुन्याचे ८ थेंब, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं. ग्लुकोज आणि मध विटकरी. व्हिनेगरने फाडून गाळलेली दुधाची निवळीही केशरी. गूळ फार पातळ करावा लागतो, नाहीतर त्याचाच रंग दिसतो. खडीसाखर मात्र ठार निळी.

गंमत इथेच आहे. लॅक्टोज (दुधातली साखर) आणि सुक्रोज (खडीसाखर) दोन्ही द्विशर्करा, म्हणजे दोन साध्या साखरा जोडून बनलेल्या. पण लॅक्टोजमधल्या ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा असतो. तिथे रेणूचं कडं उघडतं आणि तयार होणारा अल्डिहाइड गट तांब्याचं क्षपण करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो; त्यातूनच विटकरी रंग येतो. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांतच गुंतलेले. म्हणजे ही चाचणी मोकळं टोक शोधते. साखर एकेरी की दुहेरी, हे तिला कळत नाही.

म्हणून सुक्रोज फोडला: ५ टक्के द्रावण १० मिली, सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, उकळत्या पाण्यात १५ मिनिटं. गार झाल्यावर फसफस थांबेपर्यंत चिमटीने खायचा सोडा. आता विटकरी. सोडा टाळला तर आम्ल बेनेडिक्टचा अल्कलीपणा खातं आणि निकाल फसवा येतो. लिंबाचा रस नकोच, त्यातलं क जीवनसत्त्व स्वतःच तांब्याचं क्षपण करतं. बिनसाखरेची एक कोरी नळीही सोबत ठेवावी.

फ्रुक्टोज कीटोन असूनही (म्हणजे त्यात अल्डिहाइड गट नसूनही) विटकरी येतो, कारण अल्कलीत त्याचं रूप पालटून ग्लुकोज-मॅनोज बनतात.

पुढे साबुदाण्याची पेज: आयोडीनने काळी-निळी, बेनेडिक्टला निळी. आयोडीन पेज गार झाल्यावरच घालायचं, गरम असताना रंग उडतो. त्यानंतर बारफोडचं द्रावण, हेही तांब्याचंच. ते आम्लधर्मी असल्याने एकशर्करा (ग्लुकोजसारख्या एकेरी साखरा) दोन-तीन मिनिटांत लाल साका देतात, लॅक्टोज रेंगाळतो; फार वेळ उकळलं तर तोही देतो, तेव्हा घड्याळ समोर हवं.